क्लचमागे तेरा रविवार

१३ ऑगस्ट २०२३, रविवार. ताम्हिणीतून परत येत होतो. पौडच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबावं म्हणून गिअर उतरवत आणले आणि न्यूट्रल काही लागेना. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला. हिरवा दिवा रुसलेला. क्लचचा लिव्हर पूर्ण दाबलेला असताना गाडी आपली हळूहळू पुढे सरकतेय, आणि समोर टपरीचा बाक. ब्रेक मारला तसं इंजिन बंद पडलं. टपरीवाल्याने चहा ओतता ओतता विचारलं, "जुनी झाली का गाडी?"

जुनी आहेच. २०१० सालची सुझुकी बँडिट १२५०, माझ्याकडे २०२० पासून, मी दुसरा मालक. साखळीला तेल देणं, इंजिन ऑइल बदलणं, हवा बघणं, यापलीकडे मी तिला कधी हात लावला नव्हता. या गाडीचा क्लच केबलवर नाही, हायड्रॉलिक आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना क्लचची केबल असते, तुटली तर शंभर-दोनशे रुपयांत कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये काम होतं. इथे हँडलवर मास्टर सिलिंडर, इंजिनाच्या डाव्या अंगाला स्लेव्ह सिलिंडर आणि दोघांच्या मध्ये नळीत भरलेलं ब्रेक ऑइल. लिव्हर दाबला की वरचा पिस्टन द्रव ढकलतो, तो खालचा पिस्टन ढकलतो, खालचा पिस्टन एक लांब सळई ढकलतो आणि क्लचच्या प्लेटा एकमेकींना सोडतात. रचना ब्रेकसारखीच आहे. तरीही "हायड्रॉलिक" शब्द ऐकला की मेकॅनिकच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते बघून माझाच धीर सुटायचा. म्हणून हे सगळं तारीखवार लिहून ठेवतोय.

घरी आल्यावर हँडलवरच्या टाकीची काच बघितली. द्रव खालच्या रेषेच्याही खाली आणि रंग काळ्या चहासारखा. बाटली आणून भरला, चार-पाचदा लिव्हर पंप केला, क्लच पुन्हा ठणठणीत. २० ऑगस्टला बघतो तर पातळी परत खाली.

इथे एक गोष्ट मला नंतर कळली, ती आधीच सांगतो. ब्रेकचे पॅड झिजले की टाकीतली पातळी थोडी उतरते, त्यामुळे ब्रेकच्या बाबतीत पातळी उतरणं म्हणजे दरवेळी गळतीच असं नाही. क्लचचं उलटं आहे. प्लेटा झिजल्या की स्लेव्हचा पिस्टन आत ढकलला जातो आणि पातळी चढते. म्हणजे हायड्रॉलिक क्लचची पातळी उतरत असेल तर कुठेतरी गळतंय, दुसरा अर्थच नाही.

२७ ऑगस्टला मोठ्या गाड्यांचं काम करणाऱ्या एका गॅरेजमध्ये गेलो. पाहणीचे पाचशे रुपये. त्यांनी गाडी दहा मिनिटं फिरवली आणि सांगितलं की मास्टर, स्लेव्ह दोन्ही अख्खे बदलू, हात लागलाच आहे तर प्लेटाही बदलू. अंदाज ४१,००० रुपये, निम्मे आगाऊ, माल यायला तीन महिने "धरून चला". गाडी चढावर घसरत नव्हती, म्हणजे इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही असं काही होत नव्हतं. मग प्लेटा कशासाठी? त्यावर "सेफ्टीसाठी" एवढंच उत्तर मिळालं. मी विचार करून सांगतो म्हटलं आणि बाहेर पडलो. प्लेटा घसरणं आणि प्लेटा नीट न सुटणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. माझं दुसरं होतं. गॅरेजच्या दारात हे ठामपणे म्हणता आलं नाही, कारण तेव्हा माझीही खात्री नव्हती.

३ सप्टेंबरच्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उघडली. आधी सेक्रेटरींना सांगून ठेवलं होतं आणि खाली जुना फ्लेक्स अंथरला होता. (निवडणुकीचा. चेहरा खाली करून.)

पहिलं विघ्न टाकीच्या झाकणाच्या दोन स्क्रूंचं. जपानी गाड्यांवरच्या चौफुली स्क्रूंची खाच आपल्या नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरपेक्षा किंचित वेगळी असते. त्याला जेआयएस म्हणतात. साधा स्क्रूड्रायव्हर लावून जोर दिला की तो वर चढतो आणि डोकं खाऊन टाकतो. माझ्या एका स्क्रूचं डोकं आधीच कुणीतरी अर्धं खाल्लेलं होतं. ७८० रुपयांचा जेआयएस स्क्रूड्रायव्हर मागवला होता म्हणून निभावलं. झाकणावर आधी हलके दोन टोले द्यायचे, मग वरून दाबून फिरवायचं.

मग डावी बाजू. स्लेव्ह सिलिंडर पुढच्या स्प्रॉकेटच्या (साखळी ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या) झाकणावर बसतो. गिअरच्या दांड्यावर पांढऱ्या पेनाने खूण करून तो काढला, झाकणाचे बोल्ट सोडले आणि आत तेरा वर्षांचा चिखल, साखळीचं तेल आणि वाळू यांचा शिरा. पातळी कुठे जात होती ते इथे दिसलं. स्लेव्हच्या खालून ओल येत होती, पण साखळीच्या तेलात मिसळून गेल्यामुळे ती कधी कळलीच नाही. एक खूण मात्र बाहेरूनही दिसत होती. झाकणाचा रंग त्या जागी फोड आल्यासारखा फुगला होता. ब्रेक ऑइल रंग खातं.

स्लेव्ह सुटा झाल्यावर लिव्हर चुकूनही दाबायचा नाही, पिस्टन बंदुकीसारखा बाहेर येतो. मी मात्र नळी सोडायच्या आधी मुद्दामच हळूहळू पंप करून तो चिंध्यांत धरून बाहेर काढला. हवेच्या कॉम्प्रेसरनेही निघतो, पण बोटं समोर ठेवू नका. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर नख फिरवलं, खड्डा लागला नाही. हे महत्त्वाचं. भिंतीला खड्डे पडले असतील तर नवीन सील (पिस्टनभोवतीची रबरी कडी) घालूनही गळणार, मग अख्खा सिलिंडरच घ्यावा लागतो. माझ्याकडे फक्त सीलची कड झिजली होती आणि एका जागी फाटली होती.

आता माझा गाढवपणा. मास्टरमधली सीलं अजून बरी दिसत होती. वाटलं, स्वच्छ करून परत घालू, तोवर फक्त स्लेव्हचं सील शोधू. सगळं काढून रात्रभर पेट्रोलमध्ये भिजत टाकलं. इंजिनाचे भाग आपण असेच धुतो ना? ४ सप्टेंबरला सकाळी बघतो तर सीलं साबुदाण्यासारखी फुगलेली. पिस्टन सिलिंडरच्या तोंडाशीच अडला. दुरुस्तीला एक भाग लागणार होता, आता दोन्ही लागणार होते.

९ सप्टेंबरला, शनिवारी, फुगलेली सीलं डबीत घालून नाना पेठेत गेलो. पुण्यात दुचाकीचा जो भाग नाना पेठेत मिळत नाही तो बनलाच नाही असं म्हणतात. तीन दुकानांत "बोअर सांगा, दुसऱ्या गाडीचं किट बसवून देतो" असं ऐकलं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, जुळेलही, पण पिस्टनची लांबी आणि दोन सीलांमधलं अंतर नाही जुळलं तर पुढचं सील टाकीतून सिलिंडरमध्ये उतरणाऱ्या भोकाच्या चुकीच्या बाजूला थांबतं आणि क्लच एक तर सुटत नाही, नाहीतर परत येत नाही. क्लचवर हा जुगाड करायची माझी छाती झाली नाही.

चौथ्या दुकानात गल्ल्यावर एक वयस्कर काका होते. डबी उघडून त्यांनी सील बोटांनी दाबलं आणि विचारलं, "पेट्रोलमध्ये धुतलंत?"

"हो."

"आणि यात भरता काय?"

"ब्रेक ऑइल."

त्यांनी पोऱ्याकडून पाण्याचा स्टीलचा पेला मागवला, फळीवरच्या उघड्या बाटलीतले दोन थेंब त्यात सोडले आणि पेला माझ्यासमोर सरकवला. थेंब तरंगले नाहीत. पाण्यात विरघळून गेले. "तेल असतं तर वर आलं असतं. नाव ऑइल, पण हे तेल नाही. म्हणून याचं रबर वेगळं. त्याला पेट्रोल, डिझेल, ग्रीस काही लावायचं नाही."

घरी जाऊन वाचलं तेव्हा त्या पेल्याचा सगळा अर्थ लागला. डॉट-४, म्हणजे मी भरत होतो ते ब्रेक ऑइल, हा ग्लायकॉलच्या जातीचा द्रव. त्यासाठी ईपीडीएम नावाचं रबर वापरतात. ते ग्लायकॉलमध्ये वर्षानुवर्षं टिकतं आणि पेट्रोल किंवा खनिज तेल लागलं की फुगतं. इंजिनाची सीलं नायट्राइल रबराची असतात, त्यांचं बरोबर उलटं. पाण्यात मिसळतो याचाच अर्थ हा द्रव हवेतली ओलही शोषतो, पावसाळ्यात उघड्या बरणीतल्या मिठासारखा. नव्या डॉट-४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ओल शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरलेला चालतो. आतल्या धातूला गंजही त्याच पाण्याने चढतो. म्हणून मॅन्युअलमध्ये दर दोन वर्षांनी बदला असं लिहिलंय. माझ्याकडे गाडी तीन वर्षं होती आणि मी एकदाही बदललं नव्हतं. पेट्रोलच्या टाकीच्या रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. विरघळतं हाच त्याचा एक गुण आपल्या कामाचा.

काकांकडे भाग नव्हता, पण त्यांनी भोसरीत सीलं बनवणाऱ्या एकाचा पत्ता दिला. १४ तारखेला अर्धा दिवस रजा काढून गेलो. त्या माणसानेही पहिला प्रश्न तोच विचारला, आत द्रव कोणता? म्हणाला, नायट्राइलचं उद्या देतो, पण तुम्हाला ते नको. ईपीडीएममध्ये साचा करावा लागेल आणि शंभर नगांखाली परवडणार नाही. शंभर बँडिट पुण्यात तरी असतील का, असा हिशोब मी एमआयडीसीच्या रस्त्यावर उभं राहून थोडा वेळ केलासुद्धा.

१७ सप्टेंबरला, गणपतीच्या दोन दिवस आधी, युरोपातल्या एका विक्रेत्याकडे मूळ भागांची ऑर्डर टाकली: मास्टरचं पिस्टन किट, स्लेव्हचं पिस्टन-सील, धुळीची रबरी टोपी, सळईचं ऑइल सील आणि तांब्याचे चार वायसर. नळी मागवली नाही, आधीच्या मालकाने २०१९ मध्ये स्टीलच्या जाळीची नवी घातली होती आणि त्याची पावती कागदपत्रांत होती. भाग ९२ युरो, पाठवणावळ ३४. आपल्या पैशांत साधारण ११,१५० रुपये आणि कार्डाचं परकीय चलन शुल्क ४६० वेगळं. फ्रेमचा क्रमांक देऊन विक्रेत्याकडून भाग जुळतात का ते आधी विचारून घ्या. एकाच नावाच्या गाडीत सालागणिक फरक असतो आणि परत पाठवणं परवडत नाही.

मग वाट बघणं. अनंत चतुर्दशी झाली. ४ ऑक्टोबरला कुरिअर कंपनीचा ईमेल आला: केवायसी द्या. आधार, पत्ता, ओटीपी. मी दिलं. (ड्युटी भरा म्हणणारे खोटे मेसेजही याच सुमारास दोन आले. मेसेजमधली लिंक दाबू नका, कुरिअरच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन ट्रॅकिंग क्रमांक टाका.) ९ तारखेला कस्टम्सची विचारणा आली, पावतीवर नुसतं "किट" लिहिलंय, ही वस्तू काय? मी एक पानभर लिहिलं: मोटरसायकलच्या क्लचचे रबरी सील व पिस्टन, २०१० सालच्या स्वतःच्या गाडीसाठी, विक्रीसाठी नाही. सोबत आरसीची प्रत, पैसे भरल्याचा पुरावा आणि विक्रेत्याच्या पानाचा फोटो. हे आधीच सुचलं असतं तर विक्रेत्याला पावतीवर वस्तूचं नीट वर्णन लिही म्हणून सांगितलं असतं आणि आठवडा वाचला असता.

१६ ऑक्टोबरला ड्युटीचा आकडा आला. ८,६९० रुपये, वर कुरिअरचं प्रक्रिया शुल्क ८२६. मी आकडा दोनदा वाचला. वैयक्तिक आयातीवर तेव्हा, २०२३ मध्ये, मूळ शुल्क, त्यावर अधिभार, त्या सगळ्यावर जीएसटी, आणि हे नुसत्या वस्तूच्या किमतीवर नाही तर पाठवणावळ धरून. माझ्या बाबतीत ते ७७ टक्क्यांच्या आसपास गेलं. त्यामुळे ऑर्डर टाकतानाच त्या वेळचा ड्युटीचा दर बघून तेवढे पैसे बाजूला ठेवा. भरल्यावर बिल ऑफ एन्ट्रीची (आयातीच्या नोंदीच्या कागदाची) प्रत मागून घ्या, न मागता मिळत नाही.

खंडेनवमीला पाने, पक्कड आणि तो जेआयएस स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडून पुजले. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला. डावं झाकण नसल्यामुळे स्प्रॉकेट उघडं दिसत होतं, आईने त्यालाही एक फूल वाहिलं. माल २६ ऑक्टोबरला आला, तळहातावर मावेल एवढी पुडी. तिच्यासाठी मी एकवीस हजार रुपये मोजले होते.

रविवारी, २९ तारखेला, कामाला बसलो. मास्टरमधली सरक्लिप (पिस्टन अडवून धरणारी स्प्रिंगसारखी कडी) आत खोल बसलेली असते. साध्या पकडीने ती नीट काढता-घालता येत नाही, लांब चोचीची आतली सरक्लिप पक्कड लागते, ४२० रुपये. नवा पिस्टन घालण्याआधी टाकीच्या तळाशी टॉर्च मारला. तिथे दोन भोकं असतात, एक मोठं, एक अगदी बारीक. लिव्हर सोडल्यावर द्रव याच बारीक भोकातून टाकीत परततो. माझं ते पांढऱ्या खरपुडीने जवळजवळ बुजलं होतं. पूर्ण बुजलं असतं तर द्रव गरम होऊन फुगल्यावर त्याला परतीची वाट राहिली नसती आणि क्लच आपोआप अर्धा दाबलेला राहिला असता, म्हणजे प्लेटाही गेल्या असत्या. टाचणी जाईना, आणि जबरदस्तीने भोक मोठं करणं बरं नाही. वर जाऊन आईकडे तंबोऱ्याच्या जोडीच्या तारेचा तुकडा मागितला.

"तार कशाला हवी तुला?"

"क्लच साफ करायचाय."

तिने तारांच्या पाकिटातून वीतभर तुकडा दिला, परत आणून दे असं बजावून. बरोबर बसला.

सगळे भाग ब्रेक क्लीनरने धुतले, वाळवले आणि नवी सीलं डॉट-४ मध्येच बुडवून घातली. सीलाची ओठासारखी कड सिलिंडरच्या आत, दाबाच्या दिशेला हवी. घालताना ती दुमडली तर सगळं पुन्हा, म्हणून इथे घाई नको. नळीच्या बोल्टला दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वायसर, जुने दबून कडक झालेले असतात. बोल्ट २३ न्यूटन-मीटरला कसला, मित्राचा टॉर्क पाना उसना आणून. लिव्हरजवळचा छोटा स्विच परत जोडायला विसरू नका. या गाडीचा स्टार्टर लिव्हर दाबल्याशिवाय फिरत नाही. मी विसरलो आणि दहा मिनिटं बॅटरीवर संशय घेत बसलो.

दुपारी चारपासून नळीत अडकलेली हवा काढायला घेतली. पंप, धर, खालचं निप्पल (हवा सोडायचं तोंड) ढिलं, निप्पल घट्ट, सोड. दीड तास. लिव्हर लोण्यासारखा मऊ, पलीकडे काही नाही. नवीन सीलं उलटी बसली की काय, या विचाराने पोटात गोळा आला. रिकाम्या यंत्रणेत वरून पंप करणं म्हणजे वर जाऊ पाहणाऱ्या हवेला खाली ढकलत बसणं. मग उलट केलं. औषधाच्या दुकानातून ५० मिलिलिटरची सिरिंज आणि मत्स्यालयाची पारदर्शक नळी आणली, साठ रुपये. खालच्या निप्पलमधून द्रव हळूहळू वर ढकलला. वरच्या टाकीत बुडबुडे यायला लागले. टाकी भरून वाहणार नाही यावर दुसऱ्या कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. शेजारचा आठवीतला मुलगा टॉर्च धरून "काका, बस, बस" म्हणत होता. तरीही लिव्हर शेवटच्या इंचभरात मऊ राहिला. रात्री सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून लिव्हर हँडलला आवळून बांधला आणि झोपलो.

३० तारखेला सकाळी ऑफिसला जायच्या आधी पट्टी सोडली. लिव्हर बोटांना टणक लागला. मास्टरजवळचा बोल्ट चिंधी धरून पाव फेरा ढिला करून लगेच कसला, तिथे अडकलेला शेवटचा बुडबुडा फुस्सकन गेला. पहिला गिअर टाकला, लिव्हर दाबलेला, गाडी जागच्या जागी.

एकूण हिशोब: भाग, चलन शुल्क, ड्युटी आणि कुरिअर मिळून २१,१२६. हत्यारं, सिरिंज, क्लीनर आणि डॉट-४ च्या तीन बाटल्या मिळून २,०९०. पाहणीचे पाचशे. अर्धी रजा एक. ड्युटी जीवावर आली, हे कबूल. हेच काम करून देणारा विश्वासू माणूस जवळ असेल तर त्याला द्या, फक्त सीलं कशात धुणार एवढं एकदा विचारून बघा.

५ नोव्हेंबरला परत ताम्हिणीला गेलो. पाऊस संपलेला, गवत पिवळं पडायला लागलेलं. येताना त्याच टपरीपाशी लिव्हर दाबून गिअरला पाय लावला, हिरवा दिवा पहिल्याच खेपेला लागला. टाकीच्या झाकणाखाली "ऑक्टोबर २०२५" लिहिलेला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवलाय. पुढच्या ब्रेकच्या टाकीतला द्रवही त्याच काळ्या चहाच्या रंगाचा आहे, तिथला एक स्क्रूही अर्धा खाल्लेला आहे. आणि आईची तार अजून परत दिलेली नाही.